दोन रकान्यांचा फळा

सकाळी 6:10

मंगळवार, 18 नोव्हेंबर 2025. व्हिएन्नाचा सोळावा जिल्हा, ओटाक्रिंग. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेर अंधार आहे. बाई उठल्यात, शेगडीवर जेझ्वा चढलाय. लांब दांड्याचं हे छोटं भांडं घरोघरी असतं, बोस्नियात आणि इथे आलेल्या बोस्नियन लोकांकडेही. पाणी उकळलं की दळलेली कॉफी टाकायची, फेस वर आला की उतरवायचं. गाळायचं नाही. गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात बाईंची एक वही तपासून होते.

टेबलावर वह्यांचा गठ्ठा आहे. वह्या मोठ्या माणसांच्या आहेत, कुणाचं वय सव्वीस, कुणाचं त्रेसष्ट. दिवसा नोकरी करून ही माणसं संध्याकाळी सर्बियन आणि क्रोएशियन शिकायला येतात. ऑस्ट्रियात या वर्गांना तीन अक्षरांनी ओळखतात, बी-के-एस: बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन. बाई तिन्ही एकाच खोलीत शिकवतात.

सगळ्या वह्यांत चूक एकच. पाच सफरचंदं. ‘पेत याबुके’ लिहिलंय, हवं होतं ‘पेत याबुका’. बाई शिसपेन्सिलीने खाली रेघ ओढतात. पाचवी वही झाल्यावर पेन्सिल खाली ठेवतात. “आज वहीतली सफरचंदं नकोत,” त्या म्हणतात. “खरी नेऊ या.”

सकाळी 8:05

चव्वेचाळीस नंबरची ट्राम. बाईंकडे वर्षाचा पास आहे, 365 युरोंचा. दिवसाला एक युरो, हा हिशोब इथे पोराटोरांना पाठ आहे. जानेवारीपासून पास 467 युरोंचा होणार. बाईंच्या दिवसात चार-पाचदा ट्राममध्ये चढणं-उतरणं असतं. तो वेळ कुणाच्याच बिलात लागत नाही.

बाई बोस्नियातल्या तुझ्लाच्या. तिथे शाळेत साहित्य शिकवायच्या. युगोस्लाव्हियाच्या काळात बोस्नियातल्या मुलांना दोन्ही लिप्या याव्या लागत. एक आठवडा लॅटिन, एक आठवडा सिरिलिक, असं त्यांना शाळेत बसवून घेतलेलं. 1992 मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्या इथे आल्या. त्या वर्षांत ऑस्ट्रियाने बोस्नियातले सुमारे 90,000 निर्वासित घेतले. बाईंनी आधी ऑफिसं झाडली-पुसली. पहाटे चारला काम सुरू, आठला बाकीचे यायच्या आत बाहेर. संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकल्या. मग संध्याकाळच्या वर्गात शिकवू लागल्या.

सकाळी 8:40

रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. इथे बाई दुभाषी आहेत. काम एका संस्थेमार्फत मिळतं. पैसे तासावर, नेमून दिलेल्या वेळेपासून.

पहिले रुग्ण शहात्तर वर्षांचे आजोबा. पूर्व सर्बियातले. ऑस्ट्रियाने 1966 मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगार आणण्याचा करार केला, त्यानंतर जी तरुण माणसं आगगाडीने इथे उतरली, त्यांतलेच. आयुष्य बांधकामावर गेलं. त्यांचं जर्मन तिथेच तयार झालं. फळ्या कशा ठोकायच्या, काँक्रीट किती वाजता येणार, हे ते झरझर सांगतील. पण छातीत काय होतंय, हे त्यांना त्या भाषेत कधी सांगावंच लागलं नव्हतं.

डॉक्टर विचारतात, दुखतं कसं? आजोबा म्हणतात, ‘स्तेझे’. मुठीने हवा आवळून दाखवतात. बाई लगेच बोलत नाहीत. आजोबांना उलट विचारतात, “पेचे? की स्तेझे?” जळजळतं की आवळतं? आजोबा पुन्हा मूठ आवळतात. मग बाई डॉक्टरांना सांगतात, आवळल्यासारखं होतं, चढ चढताना जास्त. डॉक्टरांची लिहिण्याची गती वाढते. ईसीजीची चिठ्ठी निघते.

बाहेर पडताना आजोबा बाईंचा हात धरून काहीतरी बोलतात. गावाकडे नवं घर बांधलंय, दोन मजली, त्यात कुणी राहत नाही, असं काहीसं. बाई मान डोलावतात. हे भाषांतर करायचं नसतं.

दुसरा रुग्ण वीस मिनिटांत होतो. तिसरा रद्द. तो आता पडद्यावरच्या दुभाष्याकडे गेला. रुग्णालयांत हल्ली हे वाढलंय. चाकांवरचा पडदा खाटेशी आणतात, पलीकडून दुभाषी बोलतो. रात्री-अपरात्री त्याचा उपयोग होतो, हे बाईही मानतात. पण आजोबांची मूठ त्या पडद्यावर दिसली असती का, याची मला खात्री नाही.

दुपारी 11:50

ब्रुनेनमार्क्ट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना टपऱ्या लावून भरणारा हा बाजार. विक्रेते बरेचसे तुर्की, मधूनच सर्बियन हाका. बाई सफरचंदांच्या ढिगापाशी थांबतात. किलोला दोन युरो वीस सेंट. त्यांना अकरा हवीत, सगळी जवळपास एका मापाची आणि एका रंगाची. विक्रेता वैतागत नाही, तो त्यांना ओळखतो. “आज कोणता धडा?” तो जर्मनमध्ये विचारतो. “मोजणी,” बाई म्हणतात. तो अकराव्यावर एक बारावं टाकतो आणि त्याचं वजन करत नाही.

मग बेकरीतून एक पाव. दुपारच्या जेवणाला बुरेकचा तुकडा, खिम्याचा, चार युरो. उभ्याउभ्याच खायचा, कागदातून. घरी कालचं घेवड्याचं कालवण आहे, ते रात्रीसाठी.

पिशवी बरीच जड झालीय. पाव आणि सफरचंदं मिळून साडेआठ युरोंचा खर्च. तो बाईंचा स्वतःचा.

दुपारी 2:00

आता खरं काम. तयारी.

पुठ्ठ्याच्या चौकोनांची चळत, कात्री, जाड पेन. एकेका चौकोनावर एकेक शब्द. शब्द बऱ्याचदा दोन लागतात. पावाला बेलग्रेडमध्ये ‘ख्लेब’, झाग्रेबमध्ये ‘क्रुख’. आगगाडी इकडे ‘वोझ’, तिकडे ‘व्लाक’. हजार इकडे ‘हिल्यादा’, तिकडे ‘तिसुचा’. दूध ‘म्लेको’ आणि ‘म्लियेको’. बाई निळ्या शाईने एक लिहितात, हिरव्या शाईने दुसरा. शब्द एकच असेल तेव्हा काळ्या शाईने. काळ्या चौकोनांची चळत सगळ्यांत उंच होते.

“नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी विचारतात, ही भाषा एक की दोन?” कात्री चालवता चालवता बाई सांगतात. “मी म्हणते, दोन्ही रकाने वहीत उतरवा. त्यांतला एक तुमचा, तो तोंडाने बोला. दुसरा कानाने कळू दे.” बाईंच्या घरी पावाला ‘ख्ल्येब’ म्हणायचे, म्हणजे तिसरंच काही. तो शब्द त्या फळ्यावर दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहितात.

खोट्या बाजारासाठी खऱ्या नोटा लागतात. बाईंच्या डब्यात सर्बियाच्या दहा दिनारांच्या नोटा आहेत. आजच्या भावाने एकीचे आठ-नऊ सेंट होतात. नोटेवर वुक कराजिच यांचं चित्र. सर्बियन लिपी आणि व्याकरण ज्यांनी लोकांच्या बोलीवरून बांधलं, तेच हे वुक. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी व्हिएन्नातच काढली. त्यांचा शब्दकोश 1818 मध्ये इथेच छापला गेला, आर्मेनियन मठाच्या छापखान्यात. 26,000 हून जास्त शब्द, प्रत्येकाचा अर्थ जर्मन आणि लॅटिनमध्ये. 1850 च्या मार्चमध्ये सर्ब, क्रोट आणि एक स्लोव्हेन विद्वान याच शहरात जमले आणि साहित्याची भाषा एक असावी, असं लिहून सह्या करून मोकळे झाले. वुक त्यांत होते. त्यानंतर राज्यं आली, गेली, भाषेचं नाव जोडलं गेलं, तोडलं गेलं. क्रोएशियाच्या कुना नोटा 2023 च्या जानेवारीत गेल्या, तिथे आता युरो चालतो. त्यामुळे हिरव्या रकान्याच्या दुकानात बाईंच्या पाकिटातली खरी नाणी चालतात.

चौकोन कापून होतात. सराव-कागदांच्या प्रती कोपऱ्यावरच्या दुकानातून, पानाला दहा सेंट. तीन पानं, अकरा जण. तीन युरो तीस.

दुपारी 3:30

एका वकिलाला ऑनलाइन शिकवणी, एक तास. तो वेळेवर येतो, वेळेवर पैसे पाठवतो.

संध्याकाळी 5:45

सूर्य मावळून दीड तास झाला. बाई निघतात. दोन पिशव्या. एकीत सफरचंदं आणि पाव, दुसरीत चौकोन, नोटा, कागद, मार्कर. मार्कर चार, स्वतःचे.

ओटाक्रिंगला संध्याकाळच्या वर्गांची सवय जुनी आहे. 1901 मध्ये इथे फोल्क्सहाइम स्थापन झालं, कामगारांसाठी. 1905 मध्ये त्याची स्वतःची इमारत उभी राहिली, ती अजून उभी आहे आणि तिथे अजून वर्ग भरतात. कारखान्यातली पाळी संपवून माणसं तिथे रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास ऐकायला बसत. बाईंचा वर्ग त्या इमारतीत नाही, थोडा पुढे, एका शाळेत संध्याकाळी भाड्याने घेतलेल्या खोलीत. बाकं दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची. मोठी माणसं गुडघे बाजूला काढून बसतात.

संध्याकाळी 6:30

आठ जण आलेत. यादीत अकरा.

बाई फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढतात. वर तारीख. डावीकडे सर्बियन ‘18. नोवेंबार’, उजवीकडे क्रोएशियन ‘18. स्तुदेनोगा’. अठरा नोव्हेंबर. 1991 मध्ये याच दिवशी क्रोएशियातलं वुकोवार शहर युगोस्लाव्ह सैन्य आणि सर्ब फौजांच्या हाती पडलं. क्रोएशियात आज सुटी असते, लोक रस्त्यांच्या कडेला मेणबत्त्या लावतात. मागच्या बाकावरचा चाळिशीचा माणूस प्रार्थनेहून थेट आलाय, त्याची आई त्या भागातली. त्याच्या पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीचं घराणं सर्बियातलं. बाई तारखेखाली रेघ मारतात, मागे वळतात, त्याला विचारतात, “आई कशी आहे?” तो सांगतो, “दोब्रो.” बरी आहे. पुढची मुलगी वळून त्याच्यासाठी बाकावर कागद सरकवते. वर्ग सुरू होतो. असे दिवस कसे न्यायचे, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतं. मला वाटतं, बाईंच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग हाच, आणि त्याला त्यांनी अर्धं मिनिट घेतलं.

टेबलावर एक सफरचंद. “येद्ना याबुका.” सगळे म्हणतात. दुसरं ठेवतात. डावीकडचे म्हणतात “द्वे याबुके”, उजवीकडचे “द्विये याबुके”. तिसरं, चौथं. “चेतिरी याबुके.” मग पाचवं. बाई सफरचंद हवेतच धरतात. कुणीच बोलत नाही.

दोन, तीन, चार यांच्यापाशी नामाचं एक रूप. पाचापासून दुसरंच. म्हणजे पाच हा आकडा आला की नाम षष्ठीच्या अनेकवचनात जातं, ‘सफरचंदांपैकी पाच’ असं काहीसं. लिहिताना ते रूप एकवचनासारखंच दिसतं, ‘याबुका’. पण बोलताना शेवटचे स्वर लांबतात. बाई हातानं दाखवतात. एकासाठी टेबलावर टिचकी, पाचांसाठी तळवा टेबलावरून सरकवत न्यायचा. “याबूऽकाऽ.” आठ तळवे आठ बाकांवरून सरकतात. पुन्हा. पुन्हा. वीसपर्यंत हेच, एकवीसला परत एकवचन. इथे एक निवृत्त ट्रामचालक हात वर करतो, एकवीस म्हणजे पुष्कळ, मग एकवचन का? “कारण शेवटी एक आहे,” बाई सांगतात. तो थोडा वेळ बघत राहतो, मग वहीत लिहितो. त्याची बायको क्रोएशियातल्या झादारजवळची. उन्हाळ्यात तिकडे गेलं की सासुरवाडीची मंडळी त्याच्याशी जर्मन बोलतात. ते त्याला बंद करायचंय.

संध्याकाळी 7:20

पन्नास मिनिटांची एक तासिका झाली. दहा मिनिटं सुटी. पाव कापला जातो. पाव मागायचा तर आपापल्या रकान्यातल्या शब्दाने, नाहीतर मिळत नाही. मधल्या रेघेवरचा शब्द वापरून दोघं-तिघं मागतात. त्यांना बाई कडेचा तुकडा देतात, खरपूस.

संध्याकाळी 7:30

दुसरी तासिका. आज्ञार्थ. हा मुकादमासाठी.

मुकादम ऑस्ट्रियन, पन्नाशीचा, हात सिमेंटने भेगाळलेले. पहाटे पाचला उठलेला माणूस. त्याच्या हाताखाली चौदा जण, बहुतेक बोस्निया आणि सर्बियाचे. ‘पाझी’ म्हणजे सांभाळ, ‘द्रझी’ म्हणजे धर, हे त्याला साइटवरच आलं. शिव्याही आल्या. फी मात्र तो स्वतःच्या खिशातून भरतो. त्याचं कारण तो जर्मनमध्ये सांगतो: “ते माझी भाषा तीस वर्षं बोलले.”

बाई एक रिकामी पिशवी त्याच्या हाती देतात. “नोसी!” वाहून ने. तो पिशवी घेऊन खोलीभर फिरत राहतो. “दोनेसी!” इकडे आण. तो बाईंकडे येतो. “ओदनेसी!” तिकडे ने. तो दाराकडे जातो. क्रियापदाचं मूळ तेच, पुढे एक ‘दो’ किंवा ‘ओद’. ते ऐकू आलं नाही तर सिमेंटची गोणी पाच मजले उलट्या दिशेने जाते. मुकादमाच्या कपाळावर घाम आहे. चुकला की तो थांबतो, ओठांतल्या ओठांत म्हणतो, मग पाय उचलतो. शेवटी बाई पाठोपाठ सहा आज्ञा देतात. सहाही बरोबर.

मग खोटा बाजार. सर्बियन घराण्यातली ती मुलगी विकायला बसते. वय सव्वीस, जन्म व्हिएन्नाचा. आजीने पन्नास वर्षांपूर्वी इथल्या इमारतींचे जिने धुतले आणि आता ती पोझारेवात्सजवळच्या गावात परतलीय. मुलीला आजीचं सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच निघतं. कान तयार, जीभ नाही. अशी नातवंडं बाईंच्या प्रत्येक वर्गात दोन-तीन असतात, आणि त्यांना शिकवणं बाईंना सगळ्यांत जड जातं, कारण ती चुकली की लाजतात. नवख्याला चुकायची लाज नसते.

ट्रामचालक गिऱ्हाईक होतो. “पाच सफरचंदं,” तो त्याच्या उजव्या रकान्यात मागतो. मुलगी डाव्या रकान्यात भाव सांगते. तो दहा दिनारांची नोट देतो, ती म्हणते अजून द्या. तो नाही म्हणतो. ती आवाज चढवते, आजोबा, उद्या या, उद्या सडकी स्वस्तात देईन, असं काहीतरी. वाक्य एका दमात येतं, पूर्ण, विभक्तीसकट. वर्ग हसतो. बाई हसत नाहीत, त्या वहीत तिच्या नावापुढे खूण करतात.

रात्री 8:20

हजेरीच्या कागदावर सह्या. हा कागद गेला नाही तर पैसे येत नाहीत. फळा पुसायचा, कारण सकाळी इथे मुलांची शाळा. बाकं होती तशी लावायची. मुकादम दोन बाकं एकदम उचलतो. सफरचंदं वाटली जातात, प्रत्येकाने आपला आकडा म्हणून घ्यायचं.

एका तासिकेला बाईंना सत्तावीस युरो मिळतात. आजच्या दोन झाल्या, चौपन्न. त्यातून कर जाणार, आणि स्वयंरोजगारवाल्यांचा विमा, जो तिमाहीला एकदम भरावा लागतो. वह्या, कात्री, बाजार, ट्राम, दुपारचे दीड तास यांचा त्यात हिशोब नाही. बाईंना विचारलं, परवडतं का? त्या म्हणाल्या, “वर्ग भरला तर.”

रात्री 9:15

घर. घेवड्याचं कालवण गरम होतंय. त्या वेळात लॅपटॉपवर दोन बिलं तयार होतात, एक दुभाषेपणाचं, एक ऑक्टोबरच्या तासिकांचं. मग संस्थेचं पत्र उघडतं. पुढचं सत्र फेब्रुवारीत. फी दोनशे साठ युरो. किमान आठ नावं हवीत, नाहीतर वर्ग होणार नाही. आतापर्यंत सहा आलीत. मुकादमाचं नाव त्यांत आहे, आज सुटीच्या वेळेत त्याने फोनवरून भरलं. मागच्या बाकावरच्याचं आहे. मुलीचं नाही.

मुदत 31 जानेवारी. अजून दोन नावं लागतील.